शून्य कुठं धरलंय, ते आधी विचार

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे तुझ्यासारख्या बाकीच्या लेकरांनाही उत्तराचा उपयोग होईल. जिंतूर तालुक्यातल्या गावात दहावीपर्यंत मराठीतून शिकून तू आता अकरावी सायन्सला आलीस. मोजमाप आणि गती हे सुरुवातीचे धडे झाले. सूत्रं तोंडपाठ आहेत, पण गणिताचं उत्तर उणे आलं की कुठं चुकलं ते कळत नाही. प्रॅक्टिकलला व्हर्नियरचं (बारीक लांबी मोजायच्या उपकरणाचं) आणि लंबकाचं उत्तर शेजारच्या मुलीपेक्षा वेगळं येतं. आणि वर फेकलेला चेंडू सगळ्यात वरच्या जागी थांबतो, तर तिथं त्वरणही शून्य का म्हणायचं नाही, हे कुणी नीट सांगितलं नाही.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षं फिजिक्स शिकवते. तुझ्या तीन शंका वेगवेगळ्या दिसत असल्या तरी मला त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. शून्य कुठं धरलंय हे न बघताच तू आकडा वाचायला लागतेस. बहुतेक सगळी मुलं हेच करतात, कारण वर्गात आम्ही सूत्र आधी लिहितो आणि शून्याबद्दल बोलायचं राहून जातं.

उन्हाळ्यात पेपरात बातमी येते, ‘जायकवाडी शून्य टक्क्यांवर’. एखाद्या वाईट वर्षी तर उणे टक्केही छापून येतात. पण पैठणला जाऊन बघितलं तर नाथसागरात पाणी दिसतं, आणि छत्रपती संभाजीनगरच्या नळालाही तिथूनच पाणी येत राहतं. मग पेपर खोटा का? नाही. धरणाची एकूण क्षमता साधारण २९०९ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर आहे. त्यातलं तळाकडचं ७३८ दलघमी पाणी म्हणजे मृतसाठा, ते कालव्याला आपोआप मिळत नाही. त्याच्या वरचं २१७१ दलघमी म्हणजे जिवंत साठा. पेपरातली टक्केवारी या जिवंत साठ्याची असते. म्हणजे शून्य धरणाच्या तळाला धरलेलं नाही, मृतसाठ्याच्या वरच्या पातळीला धरलंय. पाणी त्याच्या खाली उतरलं की आकडा उणे होतो. उणे पाणी कुणी घागरीत भरून आणलेलं नाही, ते शून्यरेषेच्या खालचं पाणी आहे इतकंच. तुझ्या गणितात येणारा उणे आकडा याच जातीचा आहे. हे चित्र डोक्यात ठेव, पुढं लागेल.

आता व्हर्नियर. मोंढ्यात जुना ताजवा असायचा तेव्हा जाणता शेतकरी माल टाकायच्या आधी रिकाम्या पारड्यांकडं बघायचा. एक पारडं खाली झुकलेलं असेल तर त्याला पासंग म्हणायचे. पासंग काढल्याशिवाय तोलाई सुरू होऊ द्यायची नाही, हे निरक्षर माणसालाही माहीत होतं. पुस्तकात ज्याला शून्य त्रुटी म्हणतात ती म्हणजे हा पासंगच.

व्हर्नियर हातात घेतलं की आधी दोन्ही जबडे एकमेकांना टेकव. मुख्य पट्टीचं शून्य आणि सरकत्या पट्टीचं शून्य समोरासमोर आलं तर पासंग नाही. नेहमीच्या व्हर्नियरवर सरकत्या पट्टीचे १० भाग मुख्य पट्टीच्या ९ मिलिमीटरइतके असतात, म्हणून लघुत्तम माप ०.१ मिलिमीटर, म्हणजे ०.०१ सेंटिमीटर. समज, जबडे मिटलेले असताना सरकतं शून्य उजवीकडं गेलंय आणि तिसरी रेघ जुळतेय. म्हणजे काहीच पकडलेलं नसताना उपकरण ०.०३ सेंटिमीटर दाखवतंय. मग प्रत्येक मापातून ०.०३ वजा कर. सरकतं शून्य डावीकडं असेल आणि सातवी रेघ जुळत असेल तर मात्र घोटाळा होतो. मुलं ०.०७ लिहून मोकळी होतात. डावीकडं असताना रेघा दहापासून उलट मोजायच्या: दहातून सात गेले तीन, म्हणून त्रुटी −०.०३ सेंटिमीटर. माप २.३४ आलं तर खरी लांबी २.३७. उणे त्रुटी वजा करायची म्हणजे मिळवायची, हा नियम पाठ करायची गरजच नाही. उपकरण शून्याच्या मागून निघालंय, म्हणून ते कमी दाखवणार, एवढं डोळ्यांसमोर आणलं की पुरे.

तुझं आणि शेजारणीचं उत्तर वेगळं येण्याचं कारण बहुतेक इथंच आहे. तुम्ही दोघी एकाच डब्यातली दोन वेगळी व्हर्नियर वापरता आणि पासंग कुणीच बघत नाही. आमच्या प्रयोगशाळेत एका व्हर्नियरचा पासंग मला तोंडपाठ आहे. कोणत्या मुलीनं ते व्हर्नियर घेतलंय हे तिच्या वहीतल्या उत्तरावरून मी सांगू शकते.

लंबकाचं दुखणं याहून सोपं आहे, पण सहज सापडत नाही. दोऱ्याची लांबी १ मीटर असेल तर एका पूर्ण झोक्याला, म्हणजे जाऊन परत येण्याला, २ सेकंदांहून किंचित जास्त वेळ लागतो. एकच झोका मोजला तर स्टॉपवॉच दाबण्यात होणारी चूक मोठी ठरते, म्हणून आपण २० झोक्यांचा वेळ घेतो आणि २० नं भागतो. चूक तेवढीच राहते, पण वीस जणांत वाटली जाते. २० झोक्यांना सुमारे ४०.१ सेकंद यायला हवेत. बऱ्याच मुलींना ३८.१ च्या आसपास येतात, आणि गुरुत्व त्वरण ९.८ ऐवजी १०.८ च्या पुढं जातं. वहीत १०.८६ दिसलं की मला विचारावं लागत नाही. गोळा सोडून घड्याळ दाबलं त्याच क्षणी तिनं ‘एक’ म्हटलेलं असतं. तेव्हा तर एकही झोका झालेला नसतो! तिथं ‘शून्य’ म्हणायचं, आणि गोळा परत त्याच जागी त्याच दिशेनं आला की ‘एक’. सुरुवातच एकनं केली तर ‘वीस’ म्हणेपर्यंत झोके एकोणीसच होतात. एवढी एक गोष्ट बदलून बघ, बहुधा तुझं उत्तर जागेवर येईल. तरीही ते ९.७ च्या आसपास अडकलं तर लांबी तपास. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. २ सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्यात नुसता दोरा मोजला तर १ सेंटिमीटर कमी धरला जातो, आणि मीटरभर लांबीत तो एक टक्का होतो.

आणखी एक. प्लॅस्टिकच्या पट्टीचं टोक झिजलेलं असतं. वस्तूचं टोक ० वर ठेवण्यापेक्षा १ वर ठेव आणि उत्तरातून १ वजा कर. शून्य कुठंही धरता येतं. कुठं धरलं ते लक्षात ठेवलं म्हणजे झालं.

एककांबद्दल फार लिहीत नाही, कारण तुझा गोंधळ तिथला नाही. फक्त एवढं समजून घे की मोजणं म्हणजे ठरलेल्या मापाशी तुलना करणं. वीत, हात, परस ही मापं माणसागणिक बदलायची, म्हणून सगळ्यांना एकच लागू होईल असं माप लागलं. भारतात वजनमापांचा दशमान कायदा १९५६ मध्ये झाला, त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. किलोग्रॅम तर अगदी परवापर्यंत पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या एका धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून होता. २० मे २०१९ पासून तो निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या स्थिरांकावरून ठरतो. मीटरचं तसं १९८३ सालीच झालं. प्रकाश निर्वातात एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं अंतर जातो, तो एक मीटर.

वेळेलाही शून्य असतं, हे मात्र सांगायलाच हवं. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालतं, ती रेषा मिर्झापूरजवळून जाते. परभणी साधारण ७६.८ अंशावर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणून परभणीत सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात बाराच्या पुढं सुमारे २३ मिनिटं झालेली असतात, ऋतूप्रमाणं थोडं मागंपुढं. लग्नात घंगाळात सोडतात त्या घटिकापात्राची एक घटिका म्हणजे २४ मिनिटं. म्हणजे आपला सूर्य घड्याळापेक्षा जवळजवळ एक घटिका मागं चालतो. अंगणात काठी रोवून सगळ्यात आखूड सावली कधी पडते ते बघ. या धड्यातला याहून सोपा आणि सुंदर प्रयोग मला माहीत नाही.

आता गतीकडं येऊ. मराठीतून आलेल्या मुलींची इथं एक खरी अडचण असते आणि ती त्यांची चूक नसते. घरी बोलताना आपण चाल, वेग, गती हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. ‘गाडीचा वेग किती होता?’ असं विचारतो आणि उत्तरात दिशा सांगत नाही. पुस्तकात मात्र चाल म्हणजे नुसतं किती, आणि वेग म्हणजे किती आणि कोणत्या दिशेनं. अकरावीत याच शब्दांच्या जागी स्पीड आणि व्हेलॉसिटी येतात, आणि जुनं-नवं मिळून चार शब्दांची गुंतवळ होते. वहीच्या शेवटच्या पानावर जोड्या लिहून ठेव: चाल–स्पीड, वेग–व्हेलॉसिटी, अंतर–डिस्टन्स, विस्थापन–डिस्प्लेसमेंट, त्वरण–ॲक्सिलरेशन. नववीत शिकलेलं वाया गेलेलं नाही, त्याचं नाव बदललंय.

अंतर आणि विस्थापन यांतला फरक शेतात बघ. ६० मीटर लांब, ६० मीटर रुंद असं रान धर, एकराला थोडं कमी. तिफणीला तीन फण, दोन फणांत ४० सेंटिमीटर, म्हणजे एका तासात (घड्याळाचा तास नव्हे, तिफणीची या बांधापासून त्या बांधापर्यंतची एक ओळ) १.२ मीटरचा पट्टा पेरला जातो. ६० मीटर रुंदीला ५० तासं लागतात. प्रत्येक तास ६० मीटरचं, म्हणून बैल ३००० मीटर चालले, वळणं सोडून तीन किलोमीटर. तासांची संख्या सम आहे, त्यामुळं शेवटी ते सुरुवात केली त्याच बांधाला येतात, फक्त रानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात. निघाल्या जागेपासून साधारण ६० मीटरवर. अंतर तीन किलोमीटर, विस्थापन ६० मीटर. बैलांना घाम फुटतो तो अंतरानं. विस्थापन फक्त विचारतं, निघालास कुठून आणि आता आहेस कुठं. आणि ‘कुठून’ म्हटलं की शून्य आलंच. पहिल्या तासाची सुरुवात हे इथलं शून्य.

सरासरीत मुलं नेहमी फसतात, म्हणून थोडं थांबते. जालन्याहून संभाजीनगर साधारण ६० किलोमीटर. जाताना गाडी ताशी ६० नं गेली, येताना ताशी ४० नं आली, तर सरासरी चाल किती? वर्गात विचारलं की चाळीस जणांतले पस्तीस जण ५० म्हणतात. जायला १ तास लागला, यायला दीड तास. १२० किलोमीटर अडीच तासांत, म्हणजे ताशी ४८. गाडीनं कमी चालीत जास्त वेळ घालवला, त्यामुळं सरासरी त्या बाजूला झुकते. सरासरी चाल काढायची तर एकूण अंतराला एकूण वेळेनं भाग, चालींची बेरीज करून दोननं भागू नकोस. सरासरी वेग विचारला असेल तर उत्तर शून्य, कारण गाडी निघाली तिथंच परत आली.

आमच्या पिढीच्या मराठवाड्यातल्या कुणालाही न विसरता येणारी गाडी म्हणजे लातूरला पाणी घेऊन आलेली जलदूत. मिरजेहून पहिली गाडी ११ एप्रिल २०१६ ला सकाळी निघाली आणि १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोहोचली. १० वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर, म्हणजे एकूण ५ लाख लिटर पाणी. अंतर साधारण ३४० किलोमीटर, वेळ साधारण १८ तास. सरासरी चाल ताशी १९ किलोमीटरच्या आसपास. पण पूर्ण वाटेत ती ताशी १९ नं चालली का? नाही. कुठं थांबली, कुठं चांगली पळाली. एखाद्या क्षणी इंजिनाच्या काट्यावर जो आकडा होता तो त्या क्षणाचा, म्हणजे तात्कालिक. हा शब्द नवा नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ग्रहांच्या सरासरी गतीपेक्षा त्या क्षणाची गती वेगळी धरली आणि तिला तात्कालिक गती म्हटलं. पुढं तुला डेरिव्हेटिव्ह शिकवतील तेव्हा घाबरू नकोस, ओळख जुनी आहे.

या गाडीचा आलेख काढून बघ. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर मिरजेपासूनचं अंतर. गाडी थांबली तिथं रेघ आडवी, पळाली तिथं चढ उभा. चढ जितका उभा तितकी चाल जास्त. आलेखाचे धडे जड जातात ते मुलं आलेखाला डोंगर-दरीचं चित्र समजतात म्हणून. आलेखात रेघ वर गेली म्हणजे गाडी घाट चढली असं नाही, ती मिरजेपासून लांब गेली.

आता तुझा चेंडू. वरची दिशा धन धर आणि हाताची जागा शून्य. १९.६ मीटर प्रतिसेकंद वेगानं सरळ वर फेक. एक सेकंदानं वेग +९.८, दोन सेकंदांनी ०, तीन सेकंदांनी −९.८, चार सेकंदांनी −१९.६, आणि चेंडू पुन्हा हातात. हे पाच आकडे वहीत एकाखाली एक लिही आणि शेजारच्या दोन आकड्यांतला फरक बघ. दर सेकंदाला −९.८, कुठंही खंड नाही. एक ते दोन सेकंदांत −९.८, दोन ते तीन सेकंदांतही −९.८. मधल्या शून्यापाशी हा बदल थांबत नाही. त्वरण म्हणजे वेग किती आहे हे नव्हे, वेग कसा बदलतोय हे. वरच्या टोकाला वेग शून्य असला तरी तो धनाकडून ऋणाकडं जाता जाता शून्यातून जातोय, तिथं मुक्कामाला राहिलेला नाही. खरोखर वेगही शून्य आणि त्वरणही शून्य असतं तर चेंडू १९.६ मीटर उंचीवर तसाच लटकून राहिला असता. वेग शून्य, तो बदलायलाही काही नाही, मग खाली येणार कशानं?

इथं एक चुकीचा नियम मोडून टाक. ऋण त्वरण म्हणजे गती मंदावणं, असं बऱ्याच मुलांच्या वहीत लिहिलेलं असतं. खाली पडणारा चेंडू बघ: वरची दिशा धन धरली तर वेग ऋण, त्वरणही ऋण, आणि चाल वाढतेय. ऋण चिन्ह फक्त दिशा सांगतं, जायकवाडीच्या उणे टक्क्यासारखं. मंदावणं कधी होतं? वेग आणि त्वरण यांची चिन्हं एकमेकांविरुद्ध असतात तेव्हा. दोघांची चिन्हं सारखी असली की चाल वाढते, मग दोन्ही ऋण का असेनात.

मुली मला विचारतात, ‘मॅडम, जी धन घ्यायचा का ऋण?’ जी, म्हणजे गुरुत्व त्वरण, स्वतः कायम खालीच असतो. वरची दिशा धन धरलीस तर त्याच्यापुढं ऋण लाव, खालची धरलीस तर धन. एका गणितात मात्र सुरू केलं ते शेवटपर्यंत तसंच ठेव. निम्म्या गणितात दिशा बदलली की उत्तर हमखास चुकतं, आणि पेपरात सगळ्यात जास्त गुण जातात ते इथंच.

आता विहिरीकडं ये. मोजमाप आणि गती एकाच जागी भेटतात ती जागा मला विहीर वाटते. जुनी माणसं विहिरीची खोली परसात सांगतात, आठ परस, दहा परस. दरवर्षी मी वर्गाला कॉलेजजवळच्या एका कठडा असलेल्या विहिरीवर नेते. तुला करायचं असेल तर घरच्या मोठ्या माणसाला सोबत घे आणि कठडा नसलेल्या विहिरीजवळ जाऊ नकोस.

दगड हातातून नुसता सोडायचा, फेकायचा नाही. पाण्यावर आपटल्याचा आवाज येईपर्यंतचा वेळ घ्यायचा. वेळ २ सेकंद आला तर खोली म्हणजे अर्धा गुणिले ९.८ गुणिले दोनाचा वर्ग, १९.६ मीटर. पण पाच मुलींचे पाच आकडे येतात, १.८ पासून २.२ पर्यंत. १.८ वरून खोली १५.९ मीटर आणि २.२ वरून २३.७ मीटर. वेळेत दहा टक्के फरक आणि खोलीत वीस टक्के, कारण सूत्रात वेळेचा वर्ग आहे, म्हणून चूक दुप्पट होते. पुस्तकातला हा नियम वाचून कळत नाही, विहिरीवर उभं राहून कळतो.

फरक कुठून आला, याचा शोध घेण्यात खरी मजा आहे. आवाजाला वर यायला वेळ लागतो हे मुलं लगेच सांगतात. २० मीटरला तो साधारण ०.०६ सेकंद, म्हणजे फार नाही. मोठा वाटा आपल्या बोटाचा असतो. मैत्रिणीला पट्टी उभी धरून अचानक सोडायला सांग आणि तू खाली चिमटीत पकड. २० सेंटिमीटर घसरल्यावर पकडलीस तर तुझ्या बोटाला ०.२ सेकंद लागले. हा वेळही पडण्याच्या त्याच सूत्रातून येतो. घड्याळ सुरू करताना आणि बंद करताना दोन्हीकडं असा उशीर होतो आणि काही अंशी फिटतो, पण दर वेळी सारखा फिटत नाही. म्हणूनच पाच मुलींची सरासरी घ्यायची, आणि उत्तर ‘१९.६ मीटर’ असं ठामपणे न लिहिता ‘सुमारे २० मीटर’ लिहायचं. कॅल्क्युलेटर १९.६१३७ दाखवेल. दशांश सेकंदही नीट न पकडणाऱ्या बोटानं मिलिमीटर मोजला असा दावा करायचा नाही. सार्थ अंकांचा आख्खा धडा एवढाच आहे.

मग दोराला दगड बांधून खोली मोजतो. पहिल्या वर्षी दोरीचा आकडा आणि घड्याळाचा आकडा यांत मीटरहून जास्त फरक पडला आणि मुली हिरमुसल्या. शेवटी एकीच्या लक्षात आलं: दोरी आम्ही जमिनीच्या पातळीपासून मोजली होती, आणि दगड कठड्याच्याही वर धरलेल्या हातातून सोडला होता. दोन मापांची दोन शून्यं.

शेवटचं एक गणित तुझ्यासाठी, याच विहिरीवरचं. पाणी हातापासून १४.७ मीटर खाली आहे. दगड ९.८ मीटर प्रतिसेकंद वेगानं सरळ वर फेकला, तो वर जाऊन परत हाताजवळून खाली विहिरीत गेला. किती वेळानं पाण्यावर आपटेल? बरीच मुलं आधी वर जायचा वेळ, मग खाली यायचा वेळ असे तुकडे करतात. करायची गरज नाही. हात शून्य, वर धन. मग पाणी −१४.७ वर, वेग +९.८, त्वरण −९.८. विस्थापन म्हणजे वेग गुणिले काळ अधिक अर्धा गुणिले त्वरण गुणिले काळाचा वर्ग. आकडे घालून ४.९ नं भागलं की उरतं: काळाचा वर्ग, वजा दोन काळ, वजा तीन, बरोबर शून्य. उत्तरं दोन येतात, ३ सेकंद आणि −१ सेकंद.

३ सेकंद हे आपलं उत्तर. −१ खोडून टाक असं गाइडमध्ये सांगतात, आणि गुणांपुरतं ते ठीक आहे. पण ते खोडायच्या आधी क्षणभर बघ. वेळेचं शून्य आपण दगड हातातून सुटला त्या क्षणाला धरलंय. सूत्राला हात माहीतच नाही. हात नसताना तो दगड असाच वर येत असता, तर आपण घड्याळ सुरू करायच्या बरोबर एक सेकंद आधी तो पाण्याच्या पातळीवर असता, १९.६ मीटर प्रतिसेकंद वेगानं वर निघालेला. पडताळून बघ: एका सेकंदात त्याचा वेग ९.८ नं कमी होऊन हातापाशी बरोबर ९.८ उरतो.